चारला आठ चालते का?

श्रेया भोईवाड्यात राहते. कोर्टाच्या कागदांचं टायपिंग, लग्नपत्रिका, प्रकल्प अहवाल अशी कामं घरूनच करते. डेस्कटॉप अडखळायला लागला, तेव्हा तिने संगणकदुरुस्ती करणाऱ्या मामाला गाठलं.

श्रेया : मामा, लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. माझ्या मशीनमध्ये ४ जीबीची एकच रॅम आहे, तिच्या जोडीला ८ जीबीची घ्यायची होती. दुकानदार म्हणाला, चारला आठ चालत नाही. जुनी काढा आणि सारखी जोडी घ्या.

मामा : चालते. पण रॅम कमी पडतेय का, ते आधी बघू. तुझं रोजचं सगळं उघडून ठेव आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जाऊन मेमरी बघ.

श्रेया : नव्वद टक्क्यांच्या वर आहे.

मामा : मग पैसे खर्च करायला हरकत नाही. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. रॅममधली गोष्ट शंभरेक नॅनोसेकंदांत हाती येते. फिरत्या हार्ड डिस्कवर तीच शोधायला दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे लाखपट उशीर. फाइल बदलताना तुझी डिस्क घरघरते ना, ती याच हेलपाट्यांमुळे.

श्रेया : नवी घातली की बाराच्या बारा जीबी वापरता येतील?

मामा : हो. तुझं विंडोज ६४ बिटचं आहे, त्याला सलग बारा दिसतील. ३२ बिटचं असतं तर चारच्या पुढे गेलं नसतं. कुठे थांबायचं हेही कळायला हवं म्हणून सांगतो. मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याची मुख्य मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम १० केबी. तुझी नवी ८ जीबी त्याच्या आठ लाखपटींहून जास्त. तेव्हा टायपिंग आणि पत्रिकांसाठी बारा भरपूर झाले.

श्रेया : मग दुकानदार जोडी घ्या असं का म्हणाला?

मामा : जोडीचा फायदा खरा आहे. प्रोसेसरकडून रॅमकडे दोन वाटा जातात, त्यांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक वाट ६४ बिटची. तुझी रॅम डीडीआर४ पिढीची, २४०० वेगाची. एका वाटेने सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहिती जाते, दोन्ही वाटा चालल्या तर ३८.४.

श्रेया : पण एका वाटेवर चार आणि दुसरीवर आठ म्हटल्यावर दोन्ही कशा चालतील?

मामा : तुमच्या चाळीला दोन जिने आहेत. सकाळी कामाला निघालेली माणसं अर्धी इकडून, अर्धी तिकडून उतरतात. मागच्या भागाला मात्र एकच जिना, तिथली सगळी त्यानेच उतरणार. त्या एका जिन्यापायी कोणी दुसरा जिना बंद करत नाही. इंटेलच्या मशीनमध्ये याला फ्लेक्स मोड म्हणतात. चारातले चार आणि आठातले चार मिळून आठ जीबी दोन्ही वाटांनी चालतात, उरलेले चार एकाच वाटेने. आज तुझ्याकडे चारच आहेत, तेही एका वाटेचे. आता सांग, नवी घालून तुझं काय कमी झालं?

श्रेया : काहीच नाही. पण दुकानात ३२०० ची रॅम दाखवली, माझी तर २४०० ची.

मामा : प्रत्येक रॅमवर एक बारीक चिप असते, तिच्यात त्या रॅमचे वेग नोंदलेले असतात. मशीन सुरू होताना बायोस दोन्ही नोंदी वाचतो आणि दोघींना झेपेल तो वेग धरतो. इथे २४००. तुझा प्रोसेसर आय३-८१०० आहे, त्याचीच मर्यादा २४०० आहे. त्यामुळे ३२०० ची घेतलीस तरी बिघडणार नाही, पण वेगासाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस.

श्रेया : मग चालत नाही ते काय?

मामा : पिढी बदलली तर चालत नाही. डीडीआर३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती बसतच नाही. कोणी जोर लावून बसवायला गेला तर हात धर. लॅपटॉपची आखूड रॅमही नको.

श्रेया : दादाच्या मशीनमध्ये चार स्लॉट आहेत, त्यात चार-चारच्या दोन आहेत. त्यालाही आठ घ्यायची आहे.

मामा : मग त्याचं काम तुझ्याहून छान होईल! दोन्ही वाटांवरची बेरीज सारखी झाली की पुरे, रॅम सारख्या असायलाच हव्यात असं नाही. एका चॅनेलवर चार-चार, दुसऱ्यावर आठ, म्हणजे सगळे सोळा जीबी दोन्ही वाटांनी चालतील. कुठले दोन स्लॉट एका चॅनेलचे ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतं. अंदाजाने लावू नका.

श्रेया : म्हणजे सारखी जोडी घेण्यात अर्थच नाही?

मामा : आहे ना. नवं मशीन जुळवताना जोडीच घ्यावी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर गेम किंवा व्हिडिओचं काम असेल, तर चित्रंही याच रॅममधून काढली जातात, तिथे दोन वाटांचा फरक डोळ्यांना दिसतो. तुझ्या कामात तो जाणवणार नाही. चार जीबी भरल्याचं मात्र रोज जाणवतंय. चालती रॅम काढून टाकायला सांगणं मला पटत नाही.

श्रेया : बसवेन मी. काय सांभाळू?

मामा : प्लग काढ. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ दे. रॅम सरळ दाब, कडेची खिट्टी टक् करून बसली पाहिजे. पहिल्यांदा सुरू व्हायला थोडा वेळ लागला तर घाबरू नकोस. स्क्रीन काळाच राहिला तर काढून पुन्हा नीट बसव. सोनेरी पट्ट्या मळल्या असतील तर खोडरबर हलक्या हाताने फिरव, भुगा झाडून टाक. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर लावून ठेव. एकही चूक दाखवली तर रॅम परत करायची. क्वचित दोन चांगल्या रॅमही एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून बदलून मिळेल का ते आधी विचार. आणि बिलावर डीडीआर४, क्षमता, वेग आणि वॉरंटी लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.