आधी स्क्रू, मग फळी

बाबू,

समुद्राकडे तोंड असलेल्या घराला लाकडी डेक बांधायचं काम तू घेतलंस, बरं वाटलं. लाकूड तू पारखून घेशीलच. पण डेक दगा देतो तो बहुतेक वेळा सांध्यात, आणि सांधा टिकतो तो आत कोणतं लोखंड घातलंय त्यावर. म्हणून फळीचा भाव काढायच्या आधी स्क्रू-बोल्ट ठरव.

पहिलं बघ ते वारं. खारं वारं लागतं तिथे ३१६ ग्रेडचंच स्टेनलेस स्टील घे. दुकानात नुसतं ‘एसएस’ मागितलंस तर बहुधा ३०४ हातात पडेल. ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला दाद देत नाही. ३०४ला किनाऱ्यावर तपकिरी डाग आणि बारीक खड्डे पडतात. बोल्टच्या डोक्यावर ए४ कोरलेलं असेल तर तो ३१६च्या जातीचा, ए२ असेल तर ३०४च्या. या दोघांतला फरक लोहचुंबकाने कळत नाही. खूण वाच आणि बिलावर ग्रेड लिहून घे.

देशावरचं काम असेल तर जस्ताचं चालेल, पण वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं. चकचकीत किंवा पिवळसर स्क्रूवर विजेने चढवलेला थर जेमतेम ५-१० मायक्रॉनचा असतो, दोन-चार पावसाळ्यांत तो संपतो. बुडवलेल्या बोल्टवर तो ५०च्या आसपास असतो. असा बोल्ट राखाडी आणि थोडा खरखरीत दिसतो. त्याचा नट त्याच जोडीतला घे, कारण जाड थर सामावण्यासाठी त्या नटाचे आटे मोठे पाडलेले असतात.

मग लाकूड बघ. साग किंवा ऐन ओला राहिला की साध्या लोखंडाभोवती काळे डाग धरतो. हिरवट झाक असलेल्या, औषध मुरवलेल्या पाइनमध्ये तांबं असतं, ते जस्ताचा पातळ थर खाऊन टाकतं. दोन्हीकडे स्टेनलेस बिनघोर. मात्र धातूंची सरमिसळ करू नकोस. जस्ताच्या ब्रॅकेटला स्टेनलेसचा बोल्ट लावलास, तर खाऱ्या ओलाव्यात ब्रॅकेट आधी झिजेल.

कुठे काय वापरायचं तेही पक्कं कर. फळीला स्क्रू. फळी मृगात फुगते, वैशाखात आक्रसते, आणि त्या ओढाताणीत साधा खिळा हळूहळू वर येतो. खांब आणि तुळई जोडायला आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू डेकवर आणूच नकोस. ते ठिसूळ असतात, फळी हलली की डोकं तुटतं. आणि डेकची तुळई जांभ्याच्या भिंतीला अँकर मारून टांगू नकोस. जांभा सच्छिद्र, अँकर भोकाचा भुगा करून सैल होतो. भिंतीलगत स्वतंत्र खांब उभे कर.

लांबीचा हिशेब सोपा आहे: स्क्रू फळीच्या जाडीच्या अडीचपट. २५ मिलिमीटरची फळी असेल तर ६० ते ६५चा स्क्रू. प्रत्येक वाशावर दोन, फळीच्या कडेपासून २० मिलिमीटर तरी आत. कठीण लाकडात आधी भोक पाड. स्टेनलेस नरम असतं, जोर केलास तर मानेत तुटतं. डोकं फळीच्या बरोबरीला आलं की थांब. खोल गेलं तर तिथे पाणी साचून कुजायला सुरुवात होते. स्टेनलेसचा नट आवळताना आट्यांना थोडं ग्रीस लाव आणि हातपान्याने सावकाश फिरव. मशीनने घाई केलीस तर नट बोल्टवरच जाम होतो, मग कापून काढावा लागतो.

खंडेनवमीला हत्यारं पुजशील तेव्हा आपण बांधलेल्या डेकवरही एक फेरी मार. पावसाने सैल झालेले नट आवळ, डाग धरलेला स्क्रू बदल. गिऱ्हाइकाने बोलवायची वाट बघू नकोस. त्या डेकवर म्हातारी माणसं बसतात, पोरं उड्या मारतात.

आणि पैशाला कात्री लावायची वेळ आलीच, तर डेक फूटभर आखूड कर. स्क्रूची जात मात्र उतरवू नकोस.