मार्क्याची पत व पुढाऱ्याचें धैर्य

शेतकऱ्यानें पिकविलेला माल कितीहि उत्तम असला तरी बाजारांत गेल्यावर तो बहुधा निनांवी होतो. देवगडच्या बागेंतील आंबा व दुसऱ्याच मुलखांतील आंबा एकाच पेटींत जाऊन बसतात. सचोटीनें केलेला कोल्हापुरी गूळ व साखर मिसळलेला गूळ शेजारीं शेजारीं विकले जातात. मालास नांव नसल्यामुळें चांगल्या मालाचा मोबदला चांगल्या शेतकऱ्याच्या पदरांत पडत नाहीं. म्हणून अलीकडे अनेक सोसायट्या व उत्पादक मंडळ्या आपापला मार्का काढूं लागल्या आहेत, ही गोष्ट इष्टच आहे. परंतु डबा सुबक केला व त्यावर चित्र छापलें म्हणजे मार्का झाला, अशी जी समजूत दिसून येते, ती मात्र बरोबर नाहीं. छाप कागदावर उठते. पत गिऱ्हाइकाच्या मनांत बसावी लागते. ती बसविण्यास भांडवल व हुशारी यांच्याइतकेंच पुढाऱ्यांचें धैर्य लागतें, हें प्रस्तुत लेखांत एका उदाहरणानें दाखविण्याचा आमचा विचार आहे. उदाहरण गुजराथेंतील आणंद येथील दूध संघाचें, म्हणजे ‘अमूल’ या मार्क्याचें घेतलें आहे. कारण हा मार्का कोणा कारखानदाराचा नसून दोन-दोन, चार-चार म्हशी पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा आहे.

बलिष्ठ खरेदीदारास नकार

सन १९४५ मध्यें मुंबई शहरास दूध पुरविण्याची सरकारी योजना सुरू झाली. खेडा जिल्ह्यांतील दूध जमवून, निर्जंतुक करून, चारशें किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या मुंबईस पाठविण्याचें काम पॉल्सन कंपनीच्या आणंद येथील डेअरीकडे होतें. खरेदीदार एकच असल्यामुळें भाव तो व त्याचे मध्यस्थ ठरवीत. धान्य असतें तर शेतकऱ्यानें चार महिने कणगींत ठेविलें असतें. दूध हें सकाळचें संध्याकाळपर्यंत टिकत नाहीं. नासणारा माल व एकच गिऱ्हाईक, अशी ज्याची स्थिति, त्याला भाव मागण्याचें बळ कोठून येणार?

शेतकरी सरदार वल्लभभाई पटेल यांजकडे गेले. त्यांनीं सल्ला दिला तो असा कीं, स्वतःची सहकारी संस्था काढा व दूध स्वतःच मुंबईस विका. सरकारनें तें मान्य न केल्यास कंपनीस दूध देणें बंद करा. असें करण्यांत कांहीं दिवस नुकसान सोसावें लागेल, हेंहि त्यांनीं स्पष्टपणें बजाविलें. ता. ४ जानेवारी १९४६ रोजीं समरखा गांवीं मोरारजी देसाई यांच्या पुढाकारानें सभा झाली व त्याप्रमाणें ठराव झाला. सरकारनें मागणी मान्य केली नाहीं. तेव्हां पंधरा दिवसपर्यंत त्या भागांतील शेतकऱ्यांनीं कंपनीस दूध घातलें नाहीं. मुंबईची योजना अडचणींत आली, अधिकारी स्वतः आणंदास आले आणि शेतकऱ्यांची मागणी मान्य झाली. ता. १४ डिसेंबर १९४६ रोजीं संघाची नोंदणी झाली व त्रिभुवनदास पटेल हे त्याचे अध्यक्ष झाले. जून १९४८ मध्यें संघाचें काम सुरू झालें तेव्हां दोन गांवच्या सोसायट्या व दररोज सुमारें २५० लिटर दूध, एवढाच पसारा होता.

अमूल हें नांव तेव्हां जन्मलेंहि नव्हतें. तरीपण त्या मार्क्याचा पाया त्याच पंधरा दिवसांत घातला गेला, असें आमचें मत आहे. ज्यानें संस्थेसाठीं नुकसान सोसलें तो तिचा नुसता सभासद राहत नाहीं, तर अभिमानी होतो. आणि मार्क्याचा पहिला चाहता शहरांतील गिऱ्हाईक नसून त्या मार्क्याखालीं माल देणारा शेतकरीच असावा लागतो. आपला माल आपल्याच मार्क्यास न देता दोन पैसे अधिक देणाऱ्या व्यापाऱ्यास देणारे सभासद ज्या संस्थेंत आहेत, तिचा मार्का बाहेरच्यानें कां मानावा?

घरच्या माणसांशीं कसोटी

दुसरें धैर्य अधिक कठीण; कारण तें परक्याशीं नसून आपल्या माणसांशीं दाखवावें लागतें. आणंदच्या पद्धतींत प्रत्येक सभासदाचें दूध दोन्ही वेळां मोजून घेतलें जातें, त्याचा नमुना काढला जातो व त्यांतील स्निग्धांश, ज्यास डेअरींत फॅट म्हणतात, पाहून भाव ठरतो. पाणी घातलेलें दूध या परीक्षेंत उतरत नाहीं व त्याचा दाम आपोआप घटतो. रांगेंत थोर-लहान हा भेद नाहीं; आधीं आला त्याचें दूध आधीं. पैसेहि महिनोगणती अडकत नसत. सकाळच्या दुधाचे संध्याकाळीं व संध्याकाळच्या दुधाचे दुसऱ्या दिवशीं सकाळीं, असा क्रम ठेविला गेला.

वाचकांनीं या व्यवस्थेचा बारकाईनें विचार करावा. गांवांत सर्वांचीं नातीं एकमेकांत गुंतलेलीं असतात. चिटणीसानें चुलत्याचें दूध कमी प्रतीचें ठरविणें म्हणजे घरीं वाद ओढवून घेणें होय. म्हणून अनेक संस्थांतून परीक्षा कागदोपत्रीं असते व प्रत्यक्षांत सर्वांस एकच भाव दिला जातो. परिणाम असा होतो कीं, चांगलें दूध घालणारा हळूहळू दुसरीकडे जातो व पाणी घालणारा तेवढा उरतो. कसोटी सर्वांस सारखी व दाम रोकडा, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे कडक परीक्षेबद्दल सभासदाची तक्रार राहत नाहीं, हा आणंदचा पहिला धडा आहे.

तज्ज्ञांच्या मतापुढें न नमणें

सन १९४९ मध्यें वर्गीस कुरियन हे तरुण इंजिनियर सरकारी नोकरीनिमित्त आणंदास आले. संघाचीं यंत्रें जुनीं होतीं व वारंवार बंद पडत. तीं दुरुस्त करण्यांत पैसा घालविण्यापेक्षां नवें यंत्र घ्यावें, असा सल्ला त्यांनीं दिला व त्रिभुवनदासांनीं तो मानला. नोकरी सोडून निघालेल्या कुरियन यांस त्यांनीं संघाकरितां थांबवून घेतलें. अध्यक्षानें सभासदांचा विश्वास सांभाळावा व कारखाना जाणत्याच्या हातीं सोंपवून त्यांत ढवळाढवळ करूं नये, ही शिस्त दोघांनीं पुढें अनेक वर्षें पाळली. स्वतःहून अधिक जाणत्या माणसास अधिकार देणें, हेंहि पुढाऱ्याचें धैर्यच होय.

लवकरच मोठी अडचण उभी राहिली. हिवाळ्यांत म्हशींचें दूध उन्हाळ्याच्या मानानें पुष्कळच वाढतें. मुंबईस मात्र बाराही महिने सारखेंच दूध लागे. उरलेल्या दुधाचें करावयाचें काय? त्याची भुकटी व लोणी करणें हाच उपाय होता. परंतु म्हशीच्या दुधांत स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षां फार अधिक असल्यामुळें त्याची भुकटी होणें शक्य नाहीं, असें परदेशी तज्ज्ञांचें मत होतें. त्या देशांत म्हशी नव्हत्या व म्हणून तो प्रश्नहि त्यांस नव्हता. कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनीं प्रयोग करून ती भुकटी होऊं शकते हें सिद्ध केलें. युनिसेफ व न्यूझीलंड सरकार यांच्या साह्यानें कारखाना उभा राहिला व ता. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजीं पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें त्याचें उद्‌घाटन झालें. हंगामांत आलेलें दूध परत न पाठविण्याची शक्ति संघास आली ती यामुळें. वर्षांतील सुगीच्या महिन्यांत ज्याचा माल परत येत नाहीं, तो शेतकरी टंचाईच्या महिन्यांतहि संस्थेस सोडून जात नाहीं.

गिऱ्हाइकाची आवड व निर्भय जाहिरात

आतां लोण्याची गोष्ट पाहूं. मुंबईकरांस पॉल्सनच्या लोण्याची संवय होती. तें आंबविलेल्या सायीचें व खारट असे. अमूलचें लोणी ताज्या सायीचें, म्हशीच्या दुधाचें म्हणून पांढरें. तें प्रथम लोकांस बेचव वाटलें. आमचेंच शुद्ध, लोकांस कळत नाहीं, असें म्हणून संघ हट्टानें बसला असता तर तें लोणी दुकानांतच पडून राहिलें असतें. संघानें त्यांत मीठ व रंग घातला. ताज्या दुधाचा नियम मात्र सोडला नाहीं. रुचीच्या बाबतींत गिऱ्हाइकाचें ऐकावें व शुद्धतेच्या बाबतींत कोणाचेंहि ऐकूं नये, हा विवेक त्यांत दिसतो. हट्ट व धैर्य यांतील भेद तो हाच.

सन १९६६ मध्यें जाहिरातीचें काम सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांजकडे देण्यांत आलें. युस्टेस फर्नांडिस यांनीं काढलेली ठिपक्यांच्या झग्यांतील मुलगी मुंबईच्या रस्त्यांवरील फलकांवर झळकूं लागली व चालू घडामोडींवर थट्टेनें बोलूं लागली. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, प्रत्येक फलक आधीं मंजुरीस पाठविण्याची अट कुरियन यांनीं ठेविली नाहीं. सन १९७६ मध्यें, आणीबाणीच्या काळांत, सक्तीच्या नसबंदीवर कोपरखळी मारणारा फलकहि लागला. वर्तमानपत्रें जपून बोलत होतीं, त्या दिवसांत लोण्याच्या फलकानें तें सांगितलें. लोक फलकाची वाट पाहूं लागले. मात्र हेंहि विसरूं नये कीं, फलक लागण्यापूर्वीं वीस वर्षें संघानें दूध पारखण्यांत घालविलीं होतीं. माल खोटा असता तर तीच थट्टा संघावर उलटली असती.

सन १९६४ मध्यें पंतप्रधान लालबहादुर शास्त्री अजरपुरा या खेड्यांत एक रात्र राहिले व त्यानंतर १९६५ सालीं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणंदास स्थापन झालें. आज या मार्क्याखालीं दूध घालणारीं कुटुंबें सुमारें ३६ लाख आहेत. त्रिभुवनदास १९९४ सालीं व कुरियन २०१२ सालीं वारले. मार्का टिकून आहे. पुढाऱ्याच्या मागें टिकते तीच खरी पत.

आपल्या सोसायट्यांनीं घ्यावयाचा बोध

कोल्हापुरी गुळास २०१४ मध्यें व कोंकणच्या हापूसास २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. कायद्याचें हें संरक्षण उपयोगी आहे. पण तें कुंपण आहे, पीक नव्हे. पेटींतील वरचा थर निवडक व खालचा हलका असेल तर मानांकनाचा कागद गिऱ्हाईक राखूं शकणार नाहीं. म्हणून मार्का काढूं इच्छिणाऱ्या सोसायट्यांस आमची पुढीलप्रमाणें सूचना आहे :

१. मार्क्यासाठीं प्रत कोणती, हें लेखी ठरवावें; आणि त्या प्रतीस न उतरणारा माल, तो चेअरमनचा असला तरी, मार्क्याशिवाय विकावा.

२. परीक्षा सभासदाच्या डोळ्यांसमोर करावी व पैसा ठरल्या दिवशीं द्यावा. उशिरां दाम देणाऱ्या संस्थेस कडक परीक्षा घेण्याचा अधिकार राहत नाहीं.

३. सुगीच्या दिवसांत जास्तीच्या मालाचें काय करावयाचें, याची तजवीज आधीं करावी. आंब्याचा रस, द्राक्षांचा बेदाणा, टोमॅटोची चटणी, जें जेथें जमेल तें तेथें करावें.

४. व्यवस्थापक जाणता नेमावा व नेमल्यावर त्यास काम करूं द्यावें.

५. मालांत दोष निघाल्यास गिऱ्हाइकानें बोभाटा करण्याची वाट न पाहतां तो परत घ्यावा.

पांचहि गोष्टींत प्रारंभीं नुकसान आहे. परत घेतलेल्या पेट्यांचा खर्च त्या वर्षाच्या ताळेबंदांत दिसेल, व त्यामुळें राखलेलीं गिऱ्हाइकें त्यांत दिसणार नाहींत. वार्षिक सभेंत कोणीतरी उठून जाब विचारीलच. तेव्हां त्यास शांतपणें उत्तर देऊन नियम न सोडणारा चेअरमन ज्या सोसायटीस लाभेल, तिचा मार्का पहिल्या पांच-दहा वर्षांत फारसा गाजला नाहीं तरी पुढें बुडणार नाहीं. येत्या हंगामापूर्वीं आमच्या वाचकांनीं आपापल्या सोसायटीच्या सभेंत निदान पहिल्या दोन सूचनांवर ठराव आणावा, अशी आमची विनंति आहे.