जाळी कुठे बंद ठेवायची

अगं, काल फोनवर तू एका दमात सांगून टाकलंस, "ताई, स्नेहसंमेलनासाठी सातवीच्या चाळीस मुलांचे टी-शर्ट वर्गातच स्क्रीन प्रिंटिंग करून घेणार आहे. मुख्याध्यापकांना हो म्हणून बसले." तेव्हा मी काही बोलले नाही. कारण अशीच मीही एकदा हो म्हणून बसले होते. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते.

एका गोविंदा पथकाचे तीस टी-शर्ट होते. हातात दोन दिवस. छाप तर काय सुरेख उठले! रंग बोटाला लागेना, म्हणजे वाळला, असं समजून मी घड्या घालून देऊन टाकले. दहीहंडीला वरून पाण्याचा मारा सुरू झाला आणि तिसरा थर लागेपर्यंत पथकाचं नाव पोरांच्या पोटावरून ओघळायला लागलं. रंग वाळणं वेगळं आणि पक्का होणं वेगळं, हे मला भर चौकात कळलं.

तेव्हा आता नीट ऐक. दिवाळीत आपण रांगोळीचा छाप वापरायचो ना? भोकं असतील तिथून रांगोळी खाली पडते, बाकी ठिकाणी अडते. स्क्रीन प्रिंटिंगचं मर्म तेच. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवायची, जिथे रंग नको तिथे ती बंद करायची आणि उरलेल्या जागेतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पात्याने, रंग खाली उतरवायचा. लग्नपत्रिकेच्या बारीक अक्षरांना सेंटीमीटरला शंभराच्या वर धाग्यांची जाळी लागते. टी-शर्टला साधारण 43 धाग्यांची पुरते, कारण कापडाला रंग जास्त प्यायला हवा असतो. दुकानात नुसतं "टी-शर्टची जाळी द्या" म्हटलंस तरी कळेल.

पण आधी घरी करून बघ. भरतकामाच्या गोल रिंगमध्ये जुनी ऑर्गंडीची ओढणी ढोलकीसारखी ताणून बसव. स्क्वीजी म्हणून बाद झालेलं एटीएम कार्ड चालतं. पातळ बटर पेपरमध्ये नक्षी काप, कापडावर ठेव, त्यावर रिंग ठेवून रंग ओढ. पहिल्याच ओढीला रंगाच्या ओलाव्याने कागद जाळीला खालून चिकटतो आणि मग तिथेच राहतो. इथे एक गंमत आहे. 'ठ' किंवा 'व' कापताना पोटातला तुकडा सुटून पडतो, म्हणून मुलं रडकुंडीला येतील. त्यांना सांग, तो तुकडा जपून जागेवर ठेवा, रंगच त्याला जाळीला चिकटवून धरेल. शिरोरेखेचं मात्र सांभाळ. रेघेखाली अख्खा शब्द एकच मोठी खिडकी होतो आणि कागद लोंबायला लागतो. अक्षरं जाड आणि मोठी काढा, शब्द दोन-तीनच ठेवा.

रंग पाण्यात मिसळणारा, कापडासाठीचाच घे. कारखान्यातला प्लास्टिसॉल हवेवर वाळतच नाही, त्याला 160 अंशांच्या आसपास उष्णता लागते. घरच्या इस्त्रीचं ते काम नव्हे आणि जाळी पुसायला रसायनंही लागतात. पाण्याच्या रंगाचा दोष एवढाच की तो जाळीतच वाळतो. म्हणून पंखा बंद ठेव, मध्येच चहाला उठू नकोस आणि काम संपलं की उरलेला रंग कार्डाने खरवडून डबीत घालून जाळी लगेच धू. एकदा भोकं बुजली की ती जाळी गेलीच समज.

टी-शर्ट सुती आणि फिक्या रंगाचे घे. गडद कापडावर साधा रंग पार बुडून जातो. नव्या कापडाला खळ असते, ती धुऊन काढ. आत पुठ्ठा सरकवायला विसरलीस तर छाती आणि पाठ एकमेकींना चिकटतील. मग स्क्वीजी थोडी तिरकी धर आणि एका दमात, सारख्या दाबाने स्वतःकडे ओढ. नवशिक्यांना वाटतं, रंग कमी उतरला, परत फिरवू. चौथ्या-पाचव्या फेरीला रंग कागदाखाली शिरतो आणि कडा फुटतात. हात थांबवणं शिकायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मग टी-शर्ट पूर्ण वाळू दे आणि छापावर सुती फडकं ठेवून, वाफ न वापरता गरम इस्त्री फिरव. किती मिनिटं, ते रंगाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, ते पाळ. माझी चूक इथेच झाली होती.

इमल्शनचं विचारत होतीस. ते जाळीवर लेपून अंधारात वाळवायचं, वर काळं चित्र आणि काच ठेवून प्रकाश दाखवायचा. उजेड लागतो तिथे लेप कडक होतो, काळ्याखालचा मऊ राहतो आणि पाण्याने निघून जातो. बारीक रेषाही त्यात हुबेहूब येते. पण काही इमल्शनांत डायक्रोमेट घालतात. ते विषारी असतं, मुलांच्या आसपाससुद्धा नको. तू घरी शिकायचं म्हणशील, तर डायक्रोमेट नसलेलं आण.

आता वर्गाचं. चाळीस एकसारखे टी-शर्ट छापायचा हट्ट सोड. कागदाचं स्टेन्सिल दहा-पंधरा छापांनंतर भिजून कडा सोडायला लागतं. मग चार टेबलं कर, प्रत्येकी दहा मुलं, प्रत्येक टेबलाचं चित्र वेगळं. एकाने चौकट घट्ट धरायची, दुसऱ्याने रंग ओढायचा, तिसऱ्याने टी-शर्ट अलगद काढून दोरीला चिमटे लावायचे. आपला टी-शर्ट प्रत्येकाने स्वतः ओढायचा, आधी रद्दीवर एक हात मारून. कटर तुझ्याच हातात ठेव. ज्यांना कापता येत नाही त्यांनी कागद फाडावा, फाटलेली कड छापात छान दिसते.

आणि चित्र काय काढायचं, यावर तास घालवू नकोस. लॉस एंजेलिसच्या इमॅक्युलेट हार्ट कॉलेजात कोरिटा केंट नावाची एक नन चित्रकला शिकवायची आणि स्वतः स्क्रीन प्रिंटिंग करायची. पावाच्या वेष्टनावरची अक्षरंसुद्धा तिच्या चित्रांत आली. ती विद्यार्थ्यांना पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी पाडून द्यायची आणि त्यातून जग बघायला लावायची. तुझ्या मुलांनाही दे. पाण्याचा नळ, सायकलचं चाक, डब्याची कडी, काय काय सापडेल बघ.

उद्याच मुख्याध्यापकांना जाऊन सांग, एक दिवस छापायला, एक वाळवायला, एक इस्त्रीला. दोन दिवसांत मागितले तर नाही म्हण. मला तेव्हा तेवढं एक नाही म्हणता आलं नव्हतं.

त्या तिसांतला एक टी-शर्ट अजून माझ्या कपाटात आहे. एका पोराने "ताई, धुऊन बघा, नाव परत येतं का" म्हणून आणून दिला होता. येताना घेऊन येते. रंगाची डबी उघडण्याआधी पोरांना तो दाखव.