वातरक्तावरील वनस्पती : अनुभव आणि पुरावा

वातरक्त या व्याधींत बहुधा मध्यरात्रीं पायाचा अंगठा एकाएकीं सुजून लाल होतो, आणि त्यास पांघरुणाचा स्पर्शहि सोसवत नाहीं. रक्तांतील यूरिक आम्ल प्रमाणाबाहेर वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत सांचतात, हें त्याचें कारण होय. चरकसंहितेंत वातरक्तास स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्यांतील वर्णन आजच्या 'गाउट'शीं तंतोतंत मिळतें असें नव्हे, परंतु पुष्कळ जुळतें. जुन्या करारांतील आसा राजास वृद्धपणीं जडलेला पायांचा रोग हाच असावा, असें कित्येकांचें मत आहे.

इतक्या जुन्या रोगावर देशोदेशीं झाडपाल्याचीं औषधें असावींत यांत नवल नाहीं. त्यांपैकीं खरीं कोणतीं, हें ठरविण्यांत मात्र एक मोठी अडचण आहे. वातरक्ताचा झटका औषधावांचूनहि एकदोन आठवड्यांत ओसरतो. मग त्या दिवसांत जो पाला बांधला असेल त्यास सर्व श्रेय मिळतें! घरोघरीं ऐकूं येणारे "आमच्या आजोबांना गुण आला" हे दाखले खोटे नसतात; परंतु तेवढ्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं.

या कसोटीस उतरलेली एक वनस्पति आहे. तिचें नांव कॉल्चिकम. युनानी हकीम तिच्या वर्गांतील कंदास सुरंजान म्हणतात. सहाव्या शतकांत ट्रालेसचा वैद्य अलेक्झांडर असाच कंद वातरक्तावर देत असे. पुढें त्याच्या विषारीपणामुळें यूरोपांत तो मागें पडला. अठराव्या शतकांत हुसों नांवाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याचें गुप्त औषध फार गाजलें, आणि त्यांतील मुख्य द्रव्य कॉल्चिकमच असल्याचें इंग्लंडांत जॉन वाँट यानें 1814 सालीं ओळखिलें. 1820 सालीं पेलेतिए व काव्हँतू या दोघां रसायनज्ञांनीं त्यांतील सत्त्व वेगळें केलें. क्विनीनहि त्यांनीं त्याच वर्षीं काढिलें. या सत्त्वास आज कॉल्चिसिन म्हणतात. तें यूरिक आम्ल कमी करीत नाहीं. स्फटिकांवर धांवून येणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींस आवरून दाह शमवितें.

एवढ्या दीर्घ परंपरेनंतरहि त्याची नीट परीक्षा 1987 सालीं ऑस्ट्रेलियांत झाली. 43 रोग्यांपैकीं कांहींस कॉल्चिसिन व बाकीच्यांस औषधहीन गोळी दिली. अठ्ठेचाळीस तासांनीं पहिल्यांपैकीं दोनतृतीयांशांस आराम पडला, दुसऱ्यांपैकीं एकतृतीयांशांस. हा दुसरा आंकडा विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावा; कांहीं न देतांहि तिघांत एक सुधारला! शिवाय कॉल्चिसिन घेणाऱ्या प्रत्येकास जुलाब किंवा वांत्या झाल्या. 2010 सालीं प्रसिद्ध झालेल्या 184 रोग्यांवरील प्रयोगांत 1.8 मिलिग्रॅमची अल्प मात्रा 4.8 मिलिग्रॅमइतकीच गुणकारी ठरली, आणि त्रासहि पुष्कळ कमी झाला.

येथें पालकांस एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पावसाळ्यांत कोंकणांत व सह्याद्रीच्या रानांत लालपिवळ्या ज्वाळांसारखीं फुलें येणारी कळलावी याच कुळांतली असून तिच्या कंदांत कॉल्चिसिन असतें. म्हणून तो कंद उगाळून घेणें मात्र सर्वथा वर्ज्य होय. कोणत्या कंदांत सत्त्व किती, हें डोळ्यांस दिसत नाहीं, आणि तो खाऊन माणसें दगावलीं आहेत. गोळींत मात्रा मोजलेली असते. तीहि वैद्याच्या सल्ल्यावांचून घेऊं नये.

परदेशांत चेरीच्या फळांची ख्याति आहे. 2012 सालीं 633 रोग्यांच्या पाहणींत, ज्या दोन दिवसांत चेरी खाल्ली त्यानंतर झटक्यांचा संभव सुमारें 35 टक्क्यांनीं कमी दिसला. पण चेरी खाणारा मनुष्य इतर पथ्यहि पाळीत असेल. पुढें पन्नास रोग्यांस आंबट चेरीचा अर्क निरनिराळ्या मात्रांनीं देऊन पाहिला, तेव्हां रक्तांतील यूरिक आम्ल उतरलें नाहीं.

राहिली आपली गुळवेल. आयुर्वेदांत वातरक्तावर तिची थोरवी मोठी आहे. परंतु कॉल्चिसिनासारखी भक्कम परीक्षा तिची अद्यापि झालेली नाहीं. तिला निरुपयोगी म्हणणें जितकें घाईचें, तितकेंच सिद्ध म्हणणेंहि. 2020 च्या अखेरीस मुंबईंत गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें डॉक्टरांनीं 2021 सालीं प्रसिद्ध केलें. त्यावर आयुष मंत्रालयानें आक्षेप घेतला कीं, रोग्यांनीं घेतलेली वेल खरी गुळवेलच होती याची खात्री करून घेतलेली नाहीं; तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत. हा आक्षेप मान्य केला, तरी बाजारांतून किंवा कुंपणावरून वेल आणणाऱ्यास ती खात्री कोण देणार?