नकाशाच्या अटींमागचे गणित



तुमच्यापैकी काही जण आता संगणकाच्या आज्ञावल्या लिहू लागले असतील. गावातील एस.टी. थांबे, तालुक्यातील आठवडे बाजार किंवा शाळेभोवतालची झाडे नकाशावर दाखवणारे छोटेसे ॲप तयार करणे आज अवघड राहिलेले नाही. थांबे आणि झाडे आपण मोजतो, पण त्यांच्याखाली अंथरलेला नकाशा मात्र आपला नसतो. तो दुसऱ्या कोणी तरी तयार केलेला असतो व इंटरनेटवरून मागवावा लागतो. मागवताना ‘अटी मान्य आहेत’ ह्या चौकटीवर आपण टिचकी मारतो आणि पुढे जातो. अटी कोणी वाचत नाही. एके काळी मीही वाचल्या नव्हत्या. त्याचे काय झाले ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील तीन विद्यार्थ्यांनी सातारा जिल्ह्यातील आठवडे बाजारांचे ॲप करायला घेतले. डोंगराळ भागात मोबाईलला रेंज नसते, म्हणून संपूर्ण जिल्ह्याचा नकाशा आधीच उतरवून फोनमध्ये ठेवावा, असे त्यांनी ठरवले. हेतू चांगला होता. प्रकल्पाचा मार्गदर्शक म्हणून मी सही केली. रात्री नऊ वाजता त्यांनी एका विनामूल्य नकाशासेवेकडून सेकंदाला दहा तुकडे ह्या वेगाने नकाशा उतरवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शनात पडदा उघडला, तर नकाशाच्या जागी करड्या रंगाचे चौकोन! सेवेने पहाटे केव्हा तरी आमचा पत्ता बंद केला होता. सारे महाविद्यालय इंटरनेटला एकाच पत्त्यावरून जोडलेले असल्यामुळे त्या दिवशी भूगोल विभागाचे प्रात्यक्षिकही होऊ शकले नाही.

विद्यार्थी मला म्हणाले, “सर, नकाशा तर फुकट आहे. मग आमचे चुकले काय?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी हा नकाशा पडद्यावर कसा येतो, ते पाहावे लागेल.

नकाशाचे तुकडे

इंटरनेटवरचा नकाशा बहुधा चौकोनी तुकड्यांत साठवलेला असतो. त्यांना टाइल म्हणतात. जमिनीवर फरश्या बसवाव्यात तसे हे तुकडे पडद्यावर शेजारी शेजारी बसवले जातात. अगदी दुरून पाहिलेली सारी पृथ्वी एका तुकड्यात मावते. ही पातळी शून्य. एक पायरी जवळ गेलो की त्या तुकड्याचे चार तुकडे होतात, आणखी एक पायरी गेलो की सोळा. म्हणजे प्रत्येक पातळीला तुकड्यांची संख्या चौपट होते. दहाव्या पातळीवर ती १०,४८,५७६ होते. गल्लीबोळ आणि घरे दिसू लागतात त्या अठराव्या पातळीवर ४ चा १८ वा घात, म्हणजे ६,८७१ कोटींहून अधिक तुकडे होतात. चौपटीचा हा हिशेब किती झपाट्याने वाढतो, हे लक्षात ठेवा. पुढील साऱ्या अटींचे मूळ त्यात आहे.

आता सातारा जिल्ह्याचा हिशेब करू. विषुववृत्ताची लांबी सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. अठराव्या पातळीवर तिचे २,६२,१४४ भाग होतात. म्हणून विषुववृत्तावर एका तुकड्याची बाजू सुमारे १५३ मीटर येते. उत्तरेकडे जावे तसे अक्षवृत्त लहान होत जाते. त्यासाठी ह्या संख्येला अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते. साताऱ्याच्या अक्षांशाची कोज्या साधारण ०.९५ आहे, म्हणून तेथे बाजू सुमारे १४६ मीटर होते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर. भागाकार करून पाहा. सुमारे ४ लाख ९० हजार तुकडे येतात. त्याच्या वरच्या पातळ्यांवर ह्याचा चौथा भाग, सोळावा भाग असे तुकडे असतात. ही भूमितीश्रेढी आहे. तिची बेरीज मूळ संख्येच्या ४/३ पट, म्हणजे सुमारे साडेसहा लाख होते.

नकाशा पाहणाऱ्या माणसाच्या पडद्यावर एका वेळी वीसेक तुकडे मावतात असे धरा. म्हणजे आमच्या तीन विद्यार्थ्यांची मागणी ३२,००० माणसांनी एकेकदा नकाशा उघडून पाहण्याइतकी होती. त्या साडेसहा लाख तुकड्यांपैकी किती तुकड्यांकडे कोणी कधी पाहिले असते? बाजाराची गावे सोडली तर बहुतेक तुकडे डोंगर आणि शेते दाखवणारे होते.

पाणपोई आणि टँकर

उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पाणपोई असते. कोणीही यावे, ओंजळ धरावी, तहान भागवावी. पैसे लागत नाहीत. पण म्हणून कोणी तेथे टँकर लावून रांजण उपसू लागला, तर पाणी फुकट आहे हे त्याचे म्हणणे आपण ऐकून घेऊ काय? रांजण कोणी तरी भरलेला असतो आणि मागे रांग उभी असते.

ओपनस्ट्रीटमॅप हा प्रकल्प ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. स्टीव्ह कोस्ट ह्यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये तो सुरू केला. जगभरचे स्वयंसेवक रस्ते, नद्या, दवाखाने, विहिरी ह्यांची नोंद करून हा नकाशा घडवतात. येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एक म्हणजे नकाशामागची माहिती, आणि दुसरी म्हणजे त्या माहितीवरून चित्रांचे तुकडे बनवून ते पाठवणारी सेवा. माहिती सर्वांना खुली आहे. २०१२ पासून ती एका खुल्या परवान्याखाली दिली जाते व पूर्णच्या पूर्ण उतरवून घेता येते. सेवा मात्र देणग्यांवर चालणाऱ्या मोजक्या संगणकांवरून पुरवली जाते. माहितीची प्रत काढल्याने माहिती कमी होत नाही. संगणकाचा वेळ आणि वीज मात्र वापरली की संपते. ‘फुकट’ ह्या एका शब्दाखाली आमच्या विद्यार्थ्यांनी ह्या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, आणि मीही केल्या.

एकेक अट तपासू

आता ह्या सेवेच्या मुख्य अटी पाहू. प्रत्येक अटीला कारण आहे.

१. घाऊक प्रमाणात तुकडे उतरवू नयेत. ह्याचे गणित आपण वर केलेच आहे.

२. एकदा आलेला तुकडा आपल्याकडे जपून ठेवावा. तो किती काळ ठेवायचा हे सेवा स्वतः सांगते. तसे पाळता आले नाही तर किमान सात दिवस ठेवावा. तुम्ही म्हणाल, ही अट पहिलीच्या उलट दिसते. तसे नाही. वाचकाने खरोखर पाहिलेला तुकडा साठवला, तर पुढची मागणी वाचते. कोणीही न पाहिलेले लाखो तुकडे साठवले, तर नसलेली मागणी निर्माण होते. दोन्ही अटींचा उद्देश एकच आहे: सेवेवरचा भार कमी करणे.

३. आज्ञावलीने मागणी करताना आपले खरे नाव सांगावे. प्रत्येक मागणीबरोबर ओळख सांगणारी एक ओळ जाते. तेथे ॲपचे नाव दिलेले असेल, तर काही बिघडल्यास सेवेचे व्यवस्थापक ते ॲप ओळखू शकतात आणि त्याच्या कर्त्याला गाठू शकतात. ओळख लपवली, तर त्यांच्यापुढे पत्ता बंद करण्यावाचून उपाय राहत नाही. दुसऱ्याच ॲपचे नाव लावणे ही तर सरळ फसवणूक आहे.

४. नावावरून ठिकाण शोधून देणारी नॉमिनॅटिम ही ह्याच प्रकल्पाची सेवा आहे. तिला सेकंदाला एकाहून अधिक प्रश्न विचारू नयेत. ही मर्यादा प्रत्येक वापरणाऱ्याला नसून तुमच्या ॲपच्या सर्व वापरणाऱ्यांना मिळून आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. तसेच एकेक अक्षर टाइप होताच शोध घेण्यास येथे मनाई आहे. रोमन लिपीत कोल्हापूर लिहायला आठ अक्षरे लागतात. प्रत्येक अक्षराला शोध घेतला तर एका प्रश्नाचे आठ प्रश्न होतात आणि त्यांपैकी सात निरुपयोगी असतात.

५. नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचे श्रेय दिसले पाहिजे. प्रयोगवहीत दुसऱ्याचे निरीक्षण वापरले, तर आपण त्याचे नाव लिहितो. नाव लिहिल्यामुळे वाचकाला मूळ ठिकाणी जाऊन तपासता येते आणि चूक आढळल्यास दुरुस्त करता येते. हेही तसेच आहे.

व्यापारी सेवा

सर्व नकाशासेवा अशा नसतात. गूगलचा नकाशा फेब्रुवारी २००५ मध्ये आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पॉल रेडमाकर ह्या आज्ञावलीकाराने भाड्याच्या घरांच्या जाहिराती त्या नकाशावर मांडून दाखवल्या. त्या वेळी बाहेरच्यांसाठी अधिकृत सोय नव्हती. नकाशाची आतली रचना त्याने स्वतः उलगडली होती. कंपनीने जून २००५ मध्ये बाहेरच्या आज्ञावल्यांसाठी अधिकृत दार उघडले. दाराबरोबर अटीही आल्या. २०१८ पासून तेथे नोंदणीची गुप्त किल्ली आणि पैसे भरण्याचे खाते आवश्यक झाले.

अशा सेवांच्या अटी वेगळ्या असतात. तेथील नकाशाचे तुकडे साठवून स्वतःचा संग्रह करता येत नाही. शोधून मिळालेले अक्षांश-रेखांशही ठराविक दिवसच जवळ ठेवता येतात. त्या नकाशावरून रेषा गिरवून दुसरा नकाशा तयार करता येत नाही. म्हणूनच ओपनस्ट्रीटमॅपवर काम करणाऱ्या स्वयंसेवकाला गूगलच्या नकाशावरून एकही नाव उतरवून घेण्याची परवानगी नसते. आणखी एक सूचना: आपली किल्ली कोठेही उघडी ठेवू नका. ती दुसऱ्याच्या हाती लागली, तर वापर तो करील आणि बिल तुमच्या खात्यावर येईल.

नक्कल ओळखू कशी येणार, असे कोणाला वाटेल. ब्रिटनमधील ऑर्डनन्स सर्व्हे ह्या सरकारी संस्थेचे नकाशे ऑटोमोबाईल असोसिएशनने वापरल्याचे प्रकरण प्रसिद्ध आहे. रस्त्यांच्या जाडीसारख्या रेखाटनातील बारीक खुणांवरून नक्कल सिद्ध करता आली, आणि २००१ मध्ये २ कोटी पौंड देऊन ते प्रकरण मिटवावे लागले. नकाशावरील प्रत्येक रेषेमागे कोणी तरी चालून, मोजून केलेले काम असते. आपल्याकडे १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू झालेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण पुढे अनेक दशके चालले, ह्यावरून त्या श्रमाची कल्पना येईल.

आम्ही पुढे काय केले

विद्यार्थ्यांनी सेवेच्या व्यवस्थापकांना पत्र लिहून झालेली चूक कबूल केली. काही दिवसांनी पत्ता पुन्हा चालू झाला. मधल्या काळात त्यांनी दुसरी वाट शोधली. खुली माहिती फाइलच्या रूपात एकदाच उतरवून घेतली, त्यातून सातारा जिल्हा वेगळा काढला, आणि महाविद्यालयाच्या संगणकावर नकाशाचे तुकडे स्वतः तयार केले. तेही सर्व पातळ्यांचे नव्हे. पंधराव्या पातळीपर्यंत सारा जिल्हा, आणि त्यापुढे फक्त बाजाराची गावे. पंधराव्या पातळीवर जिल्ह्याचे तुकडे आठ हजारांहून कमी भरतात, कारण तीन पायऱ्या वर गेलो की संख्या चौसष्टाव्या भागावर येते. डोंगरात रेंज नसतानाही ॲप चालू लागले. कोपऱ्यात श्रेयाची ओळ होती. आणि बाजाराच्या चार ठिकाणी नकाशातच चूक आढळली, ती त्यांनी मूळ माहितीत दुरुस्त केली. पाणपोईवर पाणी प्यायलेल्यांनी रांजणात एक घागर ओतली.

अटी न वाचता केलेली सही माझी होती. तेव्हापासून प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी विद्यार्थ्यांकडून तीन ओळी लिहून घेतो: नकाशा कोणाचा, परवाना कोणता, आणि आपल्या ॲपच्या मागण्या सेकंदाला किती. तिसरी ओळ गणित केल्याशिवाय लिहिता येत नाही. अटी काळानुसार बदलतात, म्हणून त्या प्रत्येक नव्या कामाच्या वेळी मूळ ठिकाणी पुन्हा वाचाव्यात. शिक्षकांनीही वर्गात ह्या तीन ओळींचा आग्रह धरावा, अशी विनंती आहे.

सोडवून पाहा

१. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. अक्षांशाची कोज्या ०.९६ धरून सोळाव्या पातळीवर गोव्याचे किती तुकडे होतील? (उत्तर: सुमारे १०,७००.)

२. शाळेच्या ॲपमध्ये सकाळी आठ वाजता २४० विद्यार्थी एकाच वेळी एकेक गाव शोधतात. सेकंदाला एक प्रश्न ही मर्यादा पाळली, तर शेवटच्या विद्यार्थ्याला किती वेळ थांबावे लागेल? (उत्तर: सुमारे ४ मिनिटे.) कोणाला थांबावेच लागू नये म्हणून ॲपमध्ये कोणता बदल कराल?

३. तुमच्या फोनवरील कोणत्याही एका ॲपमधील नकाशा उघडा. त्याच्या कोपऱ्यात कोणाचे श्रेय लिहिले आहे ते शोधा, आणि त्या सेवेच्या अटींपैकी एक अट निवडून तिच्यामागचे कारण आपल्या शब्दांत लिहा.