वशिला

पुणे ते दौंड या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. या भागातील गावांचा कारभार पूर्वी दोन वतनदार पाहत. पाटील वसूल गोळा करी व बंदोबस्त ठेवी. कुलकर्णी जमिनीचे आणि वसुलाचे दप्तर लिही. ही कामे पात्रता पाहून दिली जात नसत. पाटलाचा मुलगा पाटील आणि कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी, असा तो क्रम होता. वारस पाळण्यात असला तरी वतन त्याचेच राही. काम मात्र दुसराच कोणी त्याच्या नावाने करी!

या रीतीत काहीच अर्थ नव्हता असे नाही. बापामागून बांधाबांधाने हिंडलेल्या मुलाला गावची शेते तोंडपाठ असत. परंतु शेजारच्या घरातील मुलगा हिशेबात कितीही तरबेज असो, त्याला दप्तराला हात लावता येत नसे. मुलीचा तर विचारही कोणी करीत नसे. शिवाय आळशी वारसाने दप्तरात चुकीचा आकडा लिहिला, तर त्याचा भुर्दंड गरीब कुणब्याला बसे.

१९५० साली भारताचे संविधान अमलात आले. सरकारी नोकरीत केवळ कुळावरून भेदभाव करता येणार नाही, असे त्याच्या सोळाव्या अनुच्छेदात म्हटले आहे. त्याच वर्षीच्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली. पुढे १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटलाचे वंशपरंपरेचे पदही संपले. पोलीस पाटलाची नेमणूक १९६७ च्या कायद्यान्वये होते. आता त्यासाठी अर्ज मागवून लेखी परीक्षा घेतात, आणि स्त्रियाही ते पद सांभाळतात.

वतन गेले, पण वशिला उरला. वतन निदान उघड होते. वशिला लपतछपत येतो. कोणाचा मामा कचेरीत असतो, कोणाच्या वडिलांचा स्नेही निवड समितीवर असतो. एक चिठ्ठी जाते, आणि अधिक योग्यतेचा उमेदवार हात हलवीत घरी परततो. आपली निवड का झाली नाही, हेही त्याला कळत नाही. अशा रीतीने नेमलेल्या माणसाला लोक ‘वशिल्याचे तट्टू’ म्हणून हसतात. चिठ्ठी देणारा मामा मात्र परोपकारी म्हणून मिरवतो.

मोठ्या परीक्षांत उत्तरपत्रिकेवर नाव न लिहिता बैठक क्रमांक लिहावयाचा असतो, तो याचसाठी. समोरची उत्तरपत्रिका केडगावच्या एखाद्या अनोळखी मुलीची आहे की आपल्याच भाच्याची, हे तपासणाऱ्याला समजत नाही. मुलाखतीत मात्र चेहरा दिसतो, नावही कळते. तेथे उमेदवार आपला नातेवाईक निघाला, तर परीक्षकाने तेवढ्यापुरते उठून बाहेर जावे, हाच सरळ मार्ग असतो. हे नाते पुष्कळदा इतरांना ठाऊक नसते. म्हणून ते त्यानेच आधी सांगावे लागते.