पाबळची गढी

पूर्वी देशावरच्या गावांत पाटील, देशमुख, सरदार राहण्यासाठी गढी बांधत. गढी म्हणजे अर्धा किल्ला आणि अर्धे घर. बाहेरून उंच तट, बुरूज आणि भक्कम दरवाजा. आत चौक, विहीर, धान्याचे पेव आणि माणसांचा संसार.

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे अशी गढी होती. ती मस्तानीची. १७२९ साली मुहम्मदखान बंगशाने बुंदेलखंडच्या राजा छत्रसालाला कोंडीत पकडले. तेव्हा पहिले बाजीराव पेशवे त्याच्या मदतीला धावून गेले. त्यानंतर मस्तानी पुण्याला आली. ती छत्रसालाची कन्या होती, असे मानले जाते. बाजीरावांनी तिला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे इनाम दिली.

पेशव्यांच्या घरात मस्तानीला मान मिळाला नाही. १७४० साली बाजीराव वारले आणि थोड्याच दिवसांत तीही गेली. पाबळला तिची साधी कबर आहे. तिचा लहान मुलगा समशेरबहाद्दर मात्र पेशव्यांच्या घरातच वाढला. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढताना तो जखमी झाला आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर याच्या वंशात पुढे बांद्याचे नवाब झाले. १८५७ च्या उठावात बांद्याचा नवाब इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. त्याचे राज्य गेले.

वंशज दूर गेले आणि पाबळची गढी ओस पडली. दूरच्या वेल्स देशात पॉविस नावाचा किल्ला आहे. तो तेराव्या शतकातला. १५८७ साली हर्बर्ट घराण्याने तो विकत घेतला आणि त्याचे घर केले. १९५२ पासून एक संस्था तो सांभाळते. टिपू सुलतानाच्या काही वस्तू आज तेथे पाहायला मिळतात. पुण्यातही दिनकर केळकर यांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष गोळा केले. ते त्यांच्या संग्रहालयात पुन्हा उभे आहेत.

दगड तेच असतात. कोणी काळजी घेतली, तर घर टिकते. नाहीतर त्याची माती होते. तुमच्या गावात जुनी गढी, मशीद, मंदिर किंवा बारव असेल. तिच्या भिंतीवर नाव कोरू नका, तिचे दगड नेऊ नका. तो आपल्या सर्वांचा वारसा आहे.

शब्दार्थ : तट – फसील. पेव – धान्य साठवण्याचा जमिनीतील खड्डा. ओस – वीरान. बारव – पायऱ्यांची विहीर.

स्वाध्याय
१. गढीला ‘अर्धा किल्ला आणि अर्धे घर’ का म्हटले आहे?
२. समशेरबहाद्दर कोणत्या लढाईत लढला?
३. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूविषयी पाच वाक्ये लिहा.